तालुक्याचा अंतिम सामना आणि पंचांची शिट्टी

(दहावी १९९७ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, ‘शाळेने मला काय दिलं’. मी दोनदा लिहायला बसले. दोन्ही वेळा पहिल्या परिच्छेदात इंजिनिअरिंग, सॉफ्टवेअर, पुण्यातली नोकरी असं सगळं शहाण्यासारखं आलं, आणि दुसऱ्या परिच्छेदात कबड्डी आली. मग पहिला परिच्छेद मी खोडून टाकला.

तसंही आज सकाळी पोह्यांच्या रांगेत तो विषय निघालाच. आपण भेटलो आणि तो निघाला नाही असं एकदाही झालेलं नाही. कुणाच्या लग्नात भेटलो तरी तेच, आणि मला आठवतंय, एकदा दहाव्याला घाटावर भेटलो होतो तेव्हाही, हळू आवाजात का होईना, तेच. “त्या पंचानं मारलं नसतं तर आपण जिल्ह्याला गेलो असतो.” अठ्ठावीस वर्षं झाली.

जे सर-बाई आपल्यानंतर शाळेत आले त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सप्टेंबर १९९६. मुलींची कबड्डी, तालुक्याचा अंतिम सामना, जागा वडगाव. तालुका जिंकला की जिल्हा, मग विभाग, मग राज्य. आपल्या शाळेच्या मुली त्याआधी कधी तालुक्याच्या पुढे गेल्या नव्हत्या. त्याचं एक साधं कारण पाऊस. लोणावळ्यात सप्टेंबरपर्यंत मैदान म्हणजे चिखल. वडगाव-तळेगावकडे पाऊस निम्म्याहून कमी, तिकडच्या मुली मातीवर सराव करून यायच्या आणि आम्ही प्रार्थनेच्या हॉलमध्ये फरशीवर, गुडघ्याला फडकी बांधून. फरशीवर सूर मारता येत नाही. त्यामुळे आमच्या पकडी चांगल्या आणि चढाया भित्र्या, असं सर म्हणायचे.

पण त्या वर्षी ड्रॉ आला तेव्हा सरांनी तो फळ्यावर काढला आणि इतिहासाचा तास त्यातच गेला. दरवर्षी आम्हाला हरवणारा संघ दुसऱ्या बाजूला पडला होता आणि उपांत्य सामन्यात तो हरला. मुलांनी हिशेब मांडला. यांनी त्यांना हरवलंय, त्यांना आपण सरावात हरवलंय, म्हणजे आपण जिल्ह्याला. मी आता रोज आकडेमोड करून पोट भरते, म्हणून सांगते, त्या हिशेबाला काही अर्थ नव्हता. पण तेव्हा अख्ख्या वर्गाला तो पटला होता, मला सगळ्यात जास्त.

अंतिम सामना पंधरा-पाच-पंधरा मिनिटांचा. शेवटच्या चढाईला आम्ही २२, त्या २३. चढाईला मी. दोघींनी मला धरलं, एकीने घोटा, दुसरीने कमरेला मिठी. मी दोघींना ओढत मध्यरेषेपर्यंत आले आणि माझा हात रेषेपलीकडे गेला. त्या दोघी बाद, आम्हाला दोन गुण, २४–२३. एवढं सगळ्यांनी पाहिलं. पण त्याच्या क्षणभर आधी पंचांची शिट्टी वाजली होती. पंच म्हणाले, दम तुटला. दम तुटला की चढाई तिथेच संपते आणि चढाई करणारी बाद. पुढे हात कुठे पोचला याला किंमत नाही. २२–२४.

मग सर मैदानात गेले. पंचांशी बोलले, मग सरपंचांशी. (कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. आपल्या वर्गातून पुढे एक खरे सरपंच झाले. तेही त्या दिवशी मैदानात घुसले होते.) सरांनी स्वतःच्या खिशातून शुल्क भरून लेखी तक्रार दिली. ती फेटाळली गेली.

परतीच्या लोकलमध्ये आपण सगळे एका डब्यात होतो. गोष्ट कशी वाढते ते मी त्या प्रवासात पाहिलं, पण कळायला फार वर्षं लागली. वडगाव सुटलं तेव्हा “पंचांना नीट ऐकू आलं नसेल” असं बोलणं होतं. कान्हे आलं तेव्हा पंच चुकले होते. कामशेतला पंचांनी मुद्दाम केलं होतं. मळवलीला पंच समोरच्या शाळेतल्या कुणाचे तरी मेहुणे निघाले. लोणावळ्याला उतरलो तेव्हा पैशांची गोष्ट चालू होती आणि आकडासुद्धा ठरला होता. हे मेहुणे कुठून आले, मला आजही माहीत नाही.

तो पंच कुणी लांबचा माणूस नव्हता. आपल्याच तालुक्यातल्या दुसऱ्या एका शाळेचे खेळाचे शिक्षक. शालेय सामन्यांना पंच असेच असतात, सकाळी स्वतःचा संघ घेऊन येणारे आणि दुपारी दुसऱ्यांच्या सामन्यात शिट्टी वाजवणारे. पुढचं वर्षभर ते लोकलमध्ये दिसले की आपली मुलं डब्याच्या दुसऱ्या टोकाहून “दम! दम!” असं ओरडायची. ते पेपर वर धरायचे. एकदा त्यांच्या स्कूटरची हवा सोडली गेली. कुणी सोडली ते इथे सांगत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसलाय.

आता जे सांगायला मी उभी राहिले ते सांगते. दम तुटला होता.

कमरेला मिठी बसली तेव्हा मी तोंडावर पडले. तोंडात माती गेली. ‘कबड्डी’ म्हणताना श्वास फक्त बाहेर जायला हवा, आत घ्यायचा नाही, हा तर खेळाचा पाया. मी आत घेतला. लहानसा, एकच, मातीसकट. मग पुन्हा ‘कबड्डी’ सुरू केलं आणि रेषेकडे सरकले. ते पंच वाकून, जवळजवळ गुडघ्यावर येऊन ऐकत होते. त्यांचा कान माझ्या तोंडापासून हातभर होता. तुम्ही सगळे दोरीच्या बाहेर होता आणि ओरडत होता. त्या मैदानावर ही गोष्ट दोनच माणसांना कळू शकत होती.

मी तेव्हा का बोलले नाही? मी उठले तोवर सर पंचांपाशी पोचले होते आणि आपली कर्णधार माझ्या गळ्यात पडून रडत होती. “तुझ्यावर अन्याय झाला” हे मला इतक्या जणींनी इतक्या प्रेमाने सांगितलं की पंधराव्या वर्षी तो अन्याय परत करायचं धाडस माझ्यात नव्हतं. नंतर मला त्याची सवय झाली, आणि खरं सांगायचं तर ते आवडायलाही लागलं. जिंकून जिल्ह्यात पहिल्या फेरीत हरलो असतो तर आज पोह्यांच्या रांगेत कुणी माझं नाव काढलं असतं का?

मध्ये एकदा मला वाटलं होतं की आता ही भानगडच मिटणार. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि आपला हुतूतू टीव्हीवर, मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात आला. बोनस रेषेवर पाय उचलला होता की टेकला होता, हे चार बाजूंनी, संथ गतीत दिसायला लागलं. दाद मागायची सोय आली. मी म्हटलं, चला, पंचांना शिव्या देण्याचे दिवस गेले.

मग ७ ऑक्टोबर २०२३. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धा. सकाळी आपल्या मुलींनी तैपेईच्या संघाला २६–२५ असं एका गुणाने हरवून सुवर्ण घेतलं आणि ते त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक ठरलं. नंतर पुरुषांचा अंतिम सामना, भारत-इराण, २८–२८, शेवटची मिनिटं. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणालाही स्पर्श न करता लॉबीत गेला. त्याला ढकलत इराणचे बचावपटू त्याच्या मागोमाग लॉबीत. जुन्या नियमाने लॉबीत गेलेले सगळे बाद. नव्या नियमाने एकटा चढाईपटू बाद. पंचांनी एक निर्णय दिला, मग बदलला, मग पुन्हा बदलला. आधी एक संघ मॅटवर बसला, मग दुसरा. जवळजवळ तासभर सामना बंद! शेवटी भारत ३३–२९ ने जिंकला.

त्या तासाभरात मी ऑफिसच्या कामाला हात लावला नाही, कारण हा प्रकार माझ्या ओळखीचा होता. कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. कोण कुठे गेलं यावर वाद नव्हताच. वाद एवढाच होता की नियमाची कोणती आवृत्ती चालू आहे. आमच्याकडे दोन सर्व्हरवर दोन आवृत्त्या राहिल्या की असाच गोंधळ होतो आणि तोही असाच ऐन शेवटच्या दिवशी. पण त्याच वेळी दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि ती जाईना. आमचं १९९६ चं भांडण तिथल्या एकाही कॅमेऱ्याने सुटलं नसतं. दम दिसत नाही. तो ऐकावा लागतो, आणि त्यासाठी कुणीतरी मातीत गुडघे टेकावे लागतात.

कामात काही बिघडलं की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, नोंद काय सांगते? आपल्याकडे साक्षीदार साठ होते आणि नोंद एकही नव्हती. गुणपत्रकात त्यांच्या बाजूला एक रेघ वाढली, एवढंच. का वाढली ते पंचांना माहीत होतं आणि मला. पंचांनी जे ऐकलं ते त्या दिवशीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

ते आता नाहीत. चार वर्षांपूर्वी कामशेतच्या चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स पाहिला आणि फोटो ओळखला. मी गाडीत होते, मागून हॉर्न वाजत होते, मी पुढे गेले. त्या आठवड्यात त्यांच्या घरी जाता आलं असतं. गेले नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि मला तीच जास्त टोचते. त्या तक्रारीनंतर सरांना वरून बरंच ऐकून घ्यावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी मुलींचा संघ पाठवलाच नाही. आपण तोवर दहावी होऊन बाहेर पडलो होतो, आपल्याला काही फरक पडला नाही. पण आपल्या एक वर्ष मागे एक मुलगी होती, डावी कोपरारक्षक. घोट्याची पकड अशी की सरावात मला तिच्या बाजूला चढाई करायची भीती वाटायची. ती आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली खेळायची. तिची दहावी सामन्याविनाच गेली. ती आपल्या तुकडीची नाही, म्हणून आज इथे नाही. तिचा नंबर मी मिळवला आहे. अजून फोन केलेला नाही.

सरांना मात्र मी केला. हे सगळं त्यांनी आज पहिल्यांदा माईकवरून ऐकावं असं मला नको होतं, म्हणून गेल्या रविवारी केला. सर निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, आवाज तसाच आहे. मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं फोन कटला.

मग सर म्हणाले, “हात रेषेला लागला होता ना पण?”

मी म्हटलं, “हो सर, लागला होता.”

“दोघींना ओढून?”

“हो.”

“मग त्यांची पकड कच्चीच होती,” सर म्हणाले. “मी तेव्हाही तेच सांगत होतो.” आणि नंतर थोडं थांबून म्हणाले, “त्याची माफी मागायची राहिली. चांगला पंच होता तो.”

सर समोर बसले आहेत. मी काही चुकीचं सांगत असेन तर ते आत्ता शिट्टी वाजवतील.

तिसऱ्या रांगेतल्याने आता हवा सोडल्याचं कबूल करायला हरकत नाही, पण ते त्याचं त्याने ठरवावं. माझी दहा मिनिटं केव्हाच संपली आहेत. चहा बाहेर तयार आहे. चार वाजता मैदानावर आपल्या मुलींचा सामना आहे, फक्की मारून झाली आहे, गुडघ्याला फडकी ज्यांची त्यांनी आणली असतील. पंच कोण, यावर अजून एकमत झालेलं नाही.