वैद्यकीय प्रवेशाची प्रतीक्षा आणि पालकांची कसोटी

(गुणवंत विद्यार्थी गौरव समारंभातील भाषण)



वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेविषयी पुष्कळ बोलले जाते. अभ्यास कसा करावा, शिकवणी कोणती लावावी, लातूरला जावे की कोट्याला, यावर घरोघरी चर्चा झडतात. परंतु 'नीट' ही परीक्षा मे महिन्यातील एका दुपारी संपते. त्यानंतर निकाल, नोंदणी, पसंतीक्रम, पहिली फेरी, दुसरी फेरी असे करीत विद्यार्थी वर्गात जाऊन बसेपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबर, क्वचित त्याहूनही पुढचा महिना उजाडतो. या काळात काय करावे, हे फारसे कोणी सांगत नाही. अभ्यास एकटा विद्यार्थी करतो. प्रतीक्षा मात्र सारे घर करते. आणि घरातील मोठ्यांच्या हातून होणाऱ्या चुका बहुधा याच प्रतीक्षेत होतात.

ही प्रतीक्षा किती कठीण होऊ शकते, हे २०२४ साली साऱ्या देशाने पाहिले. ५ मे रोजी परीक्षा झाली. निकाल अपेक्षेपेक्षा दहा दिवस आधी, ४ जूनला लागला, आणि ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण मिळाल्याचे दिसले. वेळ वाया गेल्याबद्दल १,५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण दिले होते. ते रद्द झाले आणि त्यांच्यासाठी २३ जूनला फेरपरीक्षा ठेवण्यात आली. पाटणा आणि हजारीबाग येथील प्रश्नपत्रिका-फुटीचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. परीक्षा संपूर्ण रद्द होणार की राहणार, हे २३ जुलैपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षेची मागणी नाकारली. २६ जुलैला सुधारित निकाल आला, तेव्हा पैकीच्या पैकी गुण मिळवणारे १७ उरले. देशपातळीवरील प्रवेशप्रक्रिया सुरू होईपर्यंत ऑगस्टचा मध्य उजाडला. प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या लाखो मुलांनी हे सारे दिवस पुस्तके आवरून ठेवावीत की पुन्हा उघडावीत, या संभ्रमात काढले. त्या मुलांना दोष द्यावा असे त्यांच्याकडून काहीही घडलेले नव्हते.

निकालपत्रावरील 'पात्र' हा शब्दही पुष्कळांना फसवतो. २०२५ साली २२,०९,३१८ विद्यार्थी परीक्षेस बसले आणि १२,३६,५३१ पात्र ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास सरकारी. म्हणजे पात्र ठरलेल्या सुमारे दहा जणांमागे एक जागा. निकालाच्या संध्याकाळी पेढे वाटणाऱ्या घरांत पुढच्या आठवड्यात जी शांतता पसरते, तिचे कारण हे गणित होय. पेढे वाटू नयेत असे नाही. पण वाटण्यापूर्वी गुणवत्ता क्रमांक पाहावा.

प्रवेशाचे आजचे स्वरूप एका दिवसात घडलेले नाही. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा देशभरातील विद्यार्थ्यांसाठी असतात. या व्यवस्थेचे मूळ डॉ. प्रदीप जैन यांच्या खटल्यातील १९८४ च्या निकालात आहे. दुसरे नाव मोहिनी जैन यांचे. मेरठच्या या विद्यार्थिनीने कर्नाटकातील एका खाजगी महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्ज केला होता. पहिल्या वर्षाचे ६०,००० रुपये आणि पुढील वर्षांच्या शुल्काची बँक हमी, अशी मागणी झाली. एवढी रक्कम वडिलांच्या आवाक्याबाहेरची होती. ३० जुलै १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. हे पुष्कळांना माहीत असते. माहीत नसते ते एवढेच, की स्वतः मोहिनी जैन यांना त्या निकालाने जागा मिळाली नाही. अभ्यासक्रम १९९१ मध्येच सुरू होऊन गेला होता, आणि त्यांची निवड गुणवत्तेवर झालेली नव्हती, असे न्यायालयाने म्हटले. ज्या दारापाशी त्या थांबल्या ते दार इतरांसाठी उघडले. न्यायालयाने पुढे १९९३, २००२ आणि २००५ साली या विषयाला निरनिराळी वळणे दिली. त्या तपशिलात येथे शिरण्याचे कारण नाही.

एवढा कायदा असूनही दलाल संपलेला नाही, आणि त्याचे गिऱ्हाईक बहुतांशी व्यापारी घरांतच असते, हे स्पष्ट बोललेले बरे. व्यापाऱ्याला थांबण्याची सवय नसते. माल अडला तर दोन पैसे जास्त देऊन तो सोडवावा, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. मुलीचा क्रमांक थोडक्यात बाहेर राहिला की त्याच सवयीने तो विचारतो, "कुणाला भेटावे लागेल?" आणि भेटणारा कोणीतरी निघतोच. तो मोठ्या ओळखी सांगतो आणि काम न झाल्यास रक्कम परत करण्याची हमी देतो. या हमीनेच माणूस फसतो. अशी माणसे काठावरच्या दहा घरांकडून विसार घेतात आणि करीत काहीच नाहीत. दहांतील दोघा-तिघांना पुढच्या फेरीत स्वतःच्या क्रमांकावर जागा मिळते. त्यांचे पैसे दलाल ठेवून घेतो, उरलेल्यांचे परत करतो आणि प्रामाणिक म्हणून नाव मिळवतो. काही जण तेवढेही करीत नाहीत. ज्या मुलीने जागा स्वतःच्या कष्टाने मिळवली, तिच्या मनात मात्र ती विकत घेतल्याचा डाग राहतो.

वस्तुतः आज एमबीबीएसच्या जागा केंद्रीय अथवा राज्य पातळीवरील एकत्रित प्रक्रियेतूनच भरल्या जातात. खाजगी महाविद्यालयांतील संस्थात्मक कोट्याच्या जागाही या प्रक्रियेबाहेर नाहीत. त्यांचे शुल्क पुष्कळ अधिक असते, पण ते जाहीर असते आणि त्याची पावती मिळते. कॅपिटेशन फी घेणे हा महाराष्ट्रात १९८७ च्या अधिनियमान्वये गुन्हा आहे. कपड्याच्या दुकानात बिलाविना विकलेल्या मालाची तक्रार कोणाकडे करणार? तोच प्रश्न येथे लाखो रुपयांबाबत उभा राहतो.

आता पसंतीक्रमाविषयी. याबाबतचा गैरसमज इतका खोलवर रुजलेला आहे की सुशिक्षित पालकही त्यातून सुटत नाहीत. "मुंबईचे महाविद्यालय पहिले लिहिले आणि तेथे नंबर लागला नाही, तर धुळ्याचेही हातचे जाईल," असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. संगणक विद्यार्थ्यांना गुणवत्ता क्रमांकाने एकेक करून घेतो, आणि ज्याची पाळी आली त्याची यादी वरून खाली पाहत, त्याला मिळू शकणारी पहिली जागा देतो. वर लिहिलेल्या महाविद्यालयात जागा नसेल तर तो खाली येतो. त्याबद्दल शिक्षा करीत नाही. म्हणून यादी खऱ्या इच्छेच्या क्रमानेच लिहावी. गेल्या वर्षी कोठे कितीवर यादी थांबली याचा अंदाज, यादी किती लांब असावी हे ठरवण्यासाठी घ्यावा. क्रम बदलण्यासाठी नव्हे. शिवाय महाराष्ट्रात विभागनिहाय ७०:३० हे सूत्र २०२० साली रद्द झाले, त्यामुळे त्याआधीच्या याद्यांवरून काढलेले अंदाज कामाचे नाहीत.

खरी अवघड वेळ येते ती पहिल्या फेरीत जागा मिळाल्यावर. राज्याच्या प्रक्रियेत मिळालेल्या जागेवर समाधान असेल तर तसा अर्ज भरून पुढील फेऱ्यांतून बाहेर पडता येते. तो भरला नाही आणि पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली, तर आधीची जागा आपोआप सुटते व दुसऱ्याला जाते. मग ती परत मिळत नाही. म्हणजे घराला दोन-तीन दिवसांत ठरवावे लागते, की हातचे ठेवायचे की पुढे जायचे. वसतिगृह कोठे बरे आहे, खर्च पाच-साडेपाच वर्षे झेपेल का, मुलगा किती लांब राहू शकेल, या गोष्टी त्या दोन दिवसांत ठरत नाहीत. त्या मे आणि जूनच्या रिकाम्या दिवसांत शांतपणे बसून ठरवलेल्या असाव्यात. नियम वर्षावर्षाला बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका घरातील एकाने तरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी. शेजाऱ्याच्या मुलाचा अनुभव दोन वर्षांपूर्वीचा असतो.

कागदपत्रांचेही तसेच. अधिवास प्रमाणपत्र, राष्ट्रीयत्व, लागू असल्यास जात वैधता किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, हे सर्व निकालानंतर काढू म्हटले तर तहसील कचेरीत त्याच आठवड्यात सारा तालुका लोटलेला असतो. व्यापारी घरांत आणखी एक घोटाळा हमखास आढळतो, तो आडनावाचा. आजोबांच्या कागदांवर गावावरून पडलेले आडनाव, वडिलांच्या कागदांवर 'जैन', मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर 'शहा' आणि आधारपत्रावर 'शाह'. दुकानाच्या पाटीवर हे सारे चालते. पडताळणीच्या टेबलावर चालत नाही. त्यासाठी प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातील नोंद लागू शकते, आणि तिला वेळ जातो.

महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांत प्रवेशासाठी मुलाखत नसते, क्रमांकच बोलतो. ठळक अपवाद पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचा. हे महाविद्यालय १९४८ चे. एमबीबीएसचा अभ्यासक्रम तेथे १९६२ पासून आहे. देशपातळीवरील नोंदणीतच ही पसंती द्यावी लागते. निवडक विद्यार्थ्यांना पुण्यास बोलावून इंग्रजी व तर्कशक्तीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. उत्तम क्रमांक असूनही येथे नकार येऊ शकतो. आणि होकार आला तर पुढे सैन्यदलात सेवा करण्याचा करार असतो. शुल्क कमी म्हणून येथे मुलास पाठवणाऱ्या पालकांनी हा करार आधी वाचावा. वडिलांनी घोकून दिलेली उत्तरे अनुभवी अधिकाऱ्यांपुढे फार काळ टिकत नसावीत.

डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या सेवाग्रामच्या महाविद्यालयाची, 'नीट' येण्यापूर्वी, स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तीत गांधीविचारांवर स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. तेथील विद्यार्थ्यांना खादी वापरावी लागे. मिलचे तलम कापड विकणाऱ्यांच्या मुलांनी खादीसाठी अर्ज करावेत, ही गंमतही त्या काळात घडत असणार.

मात्र अर्ज कसा लिहावा हे शिकायचे तर आनंदीबाई जोशी यांच्याकडे जावे लागते. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्त्याहून प्रस्थान ठेवले आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यांनी लिहिलेले अर्जाचे पत्र २८ जूनचे आहे. म्हणजे प्रवेश पक्का झालेला नसताना अठरा वर्षांच्या या मुलीने समुद्र ओलांडला होता. त्या पत्रात त्यांनी स्वतःची तयारी फुगवून सांगितली नाही. महाविद्यालयाच्या सर्व अटी आपण पूर्ण करू शकत नसू, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आणि आपल्या देशभगिनींना वैद्यकीय मदत देण्याचा निश्चय सांगितला. प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. आजही अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुले पदवीनंतर वैद्यकीय अर्ज करतात, तेव्हा त्यांना आपण डॉक्टर का होऊ इच्छितो हे निबंधात लिहावे लागते आणि मुलाखतीत सांगावे लागते. तेथील प्रतीक्षा उन्हाळ्यातील अर्जापासून पुढच्या वसंतापर्यंत, कधी प्रतीक्षायादीत त्याहूनही पुढे चालते.

हा 'का' आपल्याकडे कोणी विचारत नाही. क्रमांकाच्या पद्धतीत तो विचारण्याची सोयच नाही. पण म्हणूनच तो घरात विचारला गेला पाहिजे, आणि पसंतीचा अर्ज निश्चित करण्याआधी विचारला गेला पाहिजे. कित्येक घरांत संकेतशब्द वडिलांजवळ, यादी मामांनी केलेली, आणि ज्याला पाच वर्षे शवविच्छेदनाच्या टेबलापाशी, रुग्णांच्या खाटांपाशी उभे राहायचे तो बाजूच्या खोलीत. अर्ज विद्यार्थ्याचा आहे. शेवटची कळ त्याने स्वतः दाबावी. मुलगी म्हणाली की मला दंतवैद्यक नको, किंवा मला मुळी रसायनशास्त्रच शिकायचे आहे, तर ते वाक्य ऐकण्याची वेळ जूनमध्ये आहे. सप्टेंबरमध्ये फी भरून झाल्यावर नाही.

ज्यांची नावे शेवटच्या यादीतही येत नाहीत, त्यांच्याविषयी सभासमारंभांत बोलले जात नाही, आणि संख्येने तेच अधिक आहेत. पुन्हा वर्षभर बसायचे का, हा प्रश्न यादी लागली त्याच रात्री सोडवू नये. चार दिवस जाऊ द्यावेत, नातेवाइकांचे फोन आईवडिलांनी घ्यावेत. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि फिजिओथेरपीचे महाराष्ट्रातील प्रवेशही 'नीट'च्याच आधारे होतात. औषधनिर्माणशास्त्राचे आणि विज्ञानशाखेचे अर्ज वेगळे, त्यांच्या तारखाही वेगळ्या. एमबीबीएसच्या शेवटच्या फेरीकडे डोळे लावून बसलेल्या घरांतून या तारखा निसटतात. त्या एका वहीत लिहून, नोंदणीचे किरकोळ शुल्क भरून, वेळीच नावे नोंदवून ठेवली असतील, तर त्या मुलाला ऑक्टोबरमध्ये जायला एखादा वर्ग तरी असतो.