भीतीला हवी घरच्यांची सोबत

मैत्रिणींनो, आणि सोबत आलेल्या पुरुषांनो,

मढच्या बायकांना काळजी नवी नाही. होडी समुद्रात असताना वारा फिरला की जीव टांगणीला लागतोच. १७ मे २०२१ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं, ते तुम्ही विसरला नसाल. पण होडी किनाऱ्याला लागल्यावरही धडधड थांबत नाही, महिनोन्महिने झोप लागत नाही, वर्सोव्याच्या फेरीबोटीत पाय ठेवायचीही भीती वाटते, तेव्हा तो चिंतेचा आजार असू शकतो. उपचारांनी तो आटोक्यात येतो.

घरात मात्र काय होतं? बाई घाबरली तर ती ‘नाटकं करते’, नाहीतर तिला भगताकडे नेतात. पुरुष घाबरला तर सगळं बायको निस्तरते. टोमण्यांनी भीती जात नाही. तिची बाहेरची सगळी कामं आपण अंगावर घेतली तरीही जात नाही. जे टाळावं, त्याची भीती वाढतच जाते.

म्हणून घाबरल्या क्षणी उपदेश नको. शेजारी बसा, श्वास सावकाश सोडायला सांगा. मग तिच्या कलानं आज जेटीपर्यंत, काही दिवसांनी बोटीत, नंतर पलीकडे, असं सोबत जा. छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टर गाठा. १४४१६ ही टेली-मानसची सरकारी फोनसेवा २०२२पासून आहे. ती मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि सोबत करणारीही थकते. तिची पाळी घरातल्या पुरुषांनी घ्यायची, हे आज इथेच ठरवू या.