परदेशी मुक्काम आणि पेन्शनवरील कर



मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला आणि त्याने आईवडिलांना कायमचे तिकडे बोलावून घेतले, अशी घरे आता तालुक्याच्या गावीही आढळतात. निघताना पासपोर्ट, औषधे, लोणच्याची बरणी, सगळ्याची आठवण होते. फक्त एक प्रश्न मागे राहतो. इथे दरमहा मिळणाऱ्या पेन्शनवर यापुढे कर कोण घेणार? भारत, अमेरिका, की दोघेही? आज आपण याच प्रश्नाचा विचार करू.

पहिली गोष्ट अशी की, नागरिकत्व वेगळे आणि करासाठीचा रहिवास वेगळा. आपला आयकर कायदा पासपोर्ट पाहत नाही, दिवस मोजतो. एप्रिल ते मार्च या वर्षात जो 182 दिवस किंवा अधिक भारतात राहिला, तो रहिवासी. शिवाय, वर्षात 60 दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस इथे राहिलेला माणूसही साधारणपणे रहिवासीच ठरतो. म्हणून ऑगस्टात घर बंद करून निघालेले आजोबा त्या वर्षापुरते रहिवासीच राहतात. नातवंडांना भेटायला पाचसहा महिने जाऊन आल्याने तर काहीच बदलत नाही. 1961 च्या कायद्याच्या जागी 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा आहे. पण दिवस मोजण्याचे हे तत्त्व त्यातही कायम आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, आपले अण्णा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. पेन्शन महिना 50,000 रुपये, म्हणजे वर्षाला सहा लाख. दुसरे उत्पन्न नाही. 2025–26 च्या नव्या करपद्धतीत 75,000 ची प्रमाणित वजावट गेल्यावर उरले 5,25,000. अण्णा रहिवासी असतील तर त्यांना मिळणाऱ्या सवलतीमुळे कर शून्य. पण तेच अण्णा अनिवासी झाले, की ती सवलत गेली. कारण ती फक्त रहिवाशांसाठी आहे. मग चार लाखांवरील 1,25,000 रुपयांवर पाच टक्के, म्हणजे 6,250, आणि त्यावर चार टक्के उपकर धरून 6,500 रुपये भरावे लागतात. पेन्शन तीच, माणूस तोच. बदलला तो फक्त मुक्काम!

"पण मी इथे राहतच नाही, मग कर कसला?" असे अण्णा विचारतील. त्याचे उत्तर असे की, नोकरी भारतात झाली, म्हणून तिच्यापोटी मिळणारी पेन्शन हे भारतातले उत्पन्न.

आता अमेरिकेची बाजू पाहू. तिथे ग्रीन कार्ड घेऊन राहणाऱ्याच्या जगभरच्या उत्पन्नावर अमेरिका कर लावते. एकाच पैशावर दोन सरकारांचा भार पडू नये म्हणून भारत आणि अमेरिका यांच्यात 1989 साली करार झाला. त्यात सरकारी पेन्शन आणि खाजगी पेन्शन यांना वेगवेगळे नियम आहेत. खाजगी कंपनीची पेन्शन असेल, तर जिथे रहिवास तिथेच कर. सरकारी पेन्शनवर मात्र ती देणाऱ्या देशाचा हक्क. तरीही करारातील एका कलमाने अमेरिकेने आपल्या ग्रीन कार्डवाल्यांवर कर लावण्याचा अधिकार राखून ठेवला आहे. तेव्हा अण्णांनी तिकडच्या विवरणपत्रात पेन्शन दाखवायची आणि भारतात भरलेल्या कराची वजावट मागायची. पुढे ते अमेरिकेचे नागरिक होऊन तिथेच राहिले, तर करारानुसार त्या सरकारी पेन्शनवर कर फक्त अमेरिकेचा. म्हणजे पासपोर्ट बदलला की कराचा धनीही बदलतो.

यात एक अडचण आहे. आपले करवर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचे जानेवारी ते डिसेंबर. म्हणून महिनावार हिशेब आणि कर भरल्याच्या पावत्या जपून ठेवा.

याहून मोठा धोका कराचा नाही, न सांगण्याचा आहे. अमेरिकेच्या रहिवाशाच्या परदेशातील सर्व खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली, तर ती खाती तिथल्या अर्थखात्याला दरवर्षी कळवावी लागतात. गावच्या बँकेतील मुदतठेव आणि मुलाबरोबरचे जोडखाते, दोन्ही यात येतात. कर एक पैसाही लागत नसला, तरी न कळवल्याबद्दल दंड जबर असतो. आयुष्यभर काटकसरीने साठवलेली पुंजी अशा दंडात जावी, यासारखे दुःख नाही.

तेव्हा जाणाऱ्यांनी, आणि गुरुजींनो, त्यांचे कागद वाचून देणाऱ्या तुम्हीसुद्धा, एवढे पाहावे. येण्याजाण्याच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. अनिवासी झाल्यावर बँकेला कळवून साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे. पेन्शन त्यात जमा होऊ शकते. हयातीचा दाखला दरवर्षी वेळेवर द्यावा. परदेशात तो भारतीय वकिलातीमार्फत देता येतो. आणि विवरणपत्र भरण्यापूर्वी दोन्हीकडचे नियम जाणणाऱ्या सल्लागाराला एकदा विचारावे.

पेन्शन ही म्हातारपणीची काठी आहे. ती देशोदेशी बरोबर न्यावी. पण कुठे टेकायची, ते आधी पाहून घ्यावे.