रेशीम, कंडरेच्या पेशी आणि मूल्यवर्धनाचा प्रश्न

(होसकोटे येथे विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



होसकोटे हा तालुका आज कारखान्यांसाठी ओळखला जात असला, तरी बंगळूर ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर व कोलार हा सारा पट्टा तुतीच्या मळ्यांचा आहे. देशात सर्वाधिक कच्चे रेशीम कर्नाटकात तयार होते. हे रेशीम विणकराच्या मागाप्रमाणेच शस्त्रक्रियागृहातही पोहोचू शकेल काय, हा आजचा विषय आहे.

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या ऊतीस कंडरा म्हणतात. तिच्यातील कोलॅजनचे तंतू समांतर असून त्यांच्या ओळींमध्ये लांबट पेशी वसलेल्या असतात. रक्तपुरवठा अल्प असल्याने तुटलेली कंडरा सावकाश जुळते आणि जुळल्यावरही तेथे अस्ताव्यस्त तंतूंचा व्रण राहतो. म्हणूनच पेशींना आधार देणारे कृत्रिम सांगाडे बनविण्याचे प्रयत्न होत आहेत.

येथे पदार्थाइतकाच त्याच्या पृष्ठभागाचा पोत निर्णायक ठरतो. सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावर वाढविलेल्या पेशी पसरट होतात व कालांतराने आपले वैशिष्ट्य गमावतात. समांतर तंतू वा सूक्ष्म खाचा असल्यास त्या खाचांच्या दिशेने लांबतात. त्यांनी निर्मिलेले कोलॅजनही बहुधा त्याच दिशेने रचले जाते. तासात पेरलेले बी ओळीने उगवावे, तसाच हा प्रकार होय.

रेशमात दोन प्रथिने असतात. फायब्रॉइन बळकटी देते, तर सेरिसिन हा डिंकासारखा लेप असतो. तो काढून टाकल्यास शरीर रेशीम बऱ्याच अंशी स्वीकारते. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये गुडघ्यातील अस्थिबंधासाठी पीळ दिलेल्या रेशमी दोरीचा सांगाडा मांडला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील रेशीम-प्रथिनावरील संशोधनातून सेरिजेन ही कंपनी उभी राहिली.

तथापि प्रयोगशाळेतील यश म्हणजे बाजारपेठ नव्हे. वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांनुसार सुरक्षितता सिद्ध करणे वेळखाऊ व खर्चिक असते. २०२० च्या ३,४२० कोटी रुपयांच्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेत प्रत्यारोपणांचा समावेश झाला. परंतु वैद्यकीय रेशमास चकाकीपेक्षा प्रत्येक खेपेची शुद्धता व एकसारखेपणा हवा. त्यासाठी कोषाची वेगळी प्रतवारी आणि तिला साजेसा भाव आवश्यक आहे. अन्यथा मूल्यवर्धनाचा लाभ कंपनीच्या दारातच थांबेल आणि तुतीचा पाला तोडणाऱ्या कुटुंबाच्या हाती पूर्वीचाच दर राहील. धोरणाची खरी कसोटी तेथेच आहे.