वॉर्डात न विचारला जाणारा प्रश्न



सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले. १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. सातारा-सांगलीत ही कहाणी पोराटोरांना पाठ आहे. पण कण्याला मार बसलेला माणूस रोज शौच कसे उरकतो, हे त्याच्या घरच्यांखेरीज कोणाला ठाऊक नसते.

उसाच्या ट्रॉलीवरून पडलेला किंवा महामार्गावर दुचाकीवरून फेकला गेलेला तरुण ऑपरेशन होऊन घरी येतो. पिशवीत एक्स-रे असतात, गोळ्यांची चिठ्ठी असते. आतड्यांविषयी मात्र बहुधा कोणी काही सांगितलेले नसते.

अमेरिकेत किम अँडरसन यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या ६८१ रुग्णांना विचारले, आधी काय परत हवे? २००४ साली आलेल्या उत्तरांत लघवी-शौचावरचा ताबा चालण्याच्याही वर होता. आपण मात्र पहिल्या दिवसापासून चालण्याबद्दलच बोलतो.

मज्जारज्जू तुटला तरी आतडे मरत नाही. पोट भरले की ते हलते. फक्त मेंदूचा निरोप खाली पोचत नाही आणि खालची जाणीव वर येत नाही. म्हणून सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने आई मुलाला डाव्या कुशीवर वळवते, हातमोजा चढवते, जेल लावते आणि बोट गोलाकार फिरवून गुदाशयाला चालना देते. थांबायचे, पुन्हा करायचे. ठरलेल्या वेळी नेमाने केले तर हे काम होते. चुकले तर दिवसभर कपडे खराब होण्याची धास्ती, आणि लग्नकार्याला न जाण्याचे निमित्त.

हे कष्ट अंगावर घालायची उपकरणे काही कमी करू शकतील का? लंडनमध्ये जाइल्स ब्रिंडली यांनी १९७०च्या दशकात माकडहाडाजवळच्या नसांना चालना देणारे यंत्र शरीरात बसवले. त्यासाठी मोठी शस्त्रक्रिया लागते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये मार्क कोर्स्टेन यांच्या गटाने २००४ मध्ये इलेक्ट्रोड बसवलेला पट्टा पोटाला बांधून पाहिला. पोटाचे स्नायू विजेने आकसले आणि शौचाचा वेळ घटला. घोट्याच्या आतल्या बाजूच्या नसेवर पॅड चिकटवण्याचे प्रयोगही चालू आहेत. तिचे धागे शौच-लघवी सांभाळणाऱ्या मज्जारज्जूच्या भागापर्यंत जातात. मात्र हे अभ्यास छोटे आहेत. रुग्णाला पैसे खर्चायला सांगण्याइतका आधार त्यांत अजून नाही, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

धोकाही आहे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असेल, तर गुदाशयाला दिलेल्या चालनेनेही रक्तदाब झपाट्याने चढू शकतो, डोके ठणकते, घाम फुटतो. त्वचेला जाणीव नसल्याने पॅडखाली भाजले तरी रुग्णाला कळत नाही. बाजारातले टेन्स मशीन (त्वचेवर पॅड लावून विजेची चालना देणारे यंत्र) आणून घरी प्रयोग करू नयेत.

मिरजेला वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला फिजिओथेरपीचे शिक्षण मिळते. या दोन गावांनी मिळून, नैतिकता समितीची परवानगी घेऊन, आपल्याच रुग्णांवर नीट चाचणी करावी. तिला वेळ लागेल. तोवर प्रत्येक वॉर्डात डिस्चार्जपूर्वी नातेवाइकांकडून ही सकाळची रीत एकदा करवून घ्यावी आणि सोबत एक वही द्यावी. तिच्यात तीन रकाने पुरेत: किती वेळ लागला, कपडे कितीदा खराब झाले, आणि मदतीला कोण होते.