सारथ्यावांचून टॅक्सी

सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांच्या रस्त्यांवर आज अशा टॅक्सी धांवतात कीं, त्यांच्या चाकापाशीं कोणीहि बसलेलें नसतें. चक्र आपोआप फिरतें, तांबडा दिवा दिसतांच गाडी थांबते. अशा वाहनाच्या हवालीं आपला जीव करावा काय, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो.

वेमो कंपनीच्या गाड्यांनीं जानेवारी २०२५ अखेर ५ कोटी ६७ लक्ष मैल चालकाविना कापले. माणसांनीं चालविलेल्या गाड्यांच्या मानानें त्यांत गंभीर इजेचे अपघात ८५ टक्के कमी झाले, असें कंपनीच्याच संशोधकांचें गणित आहे. यंत्र मद्य पीत नाहीं, पेंगत नाहीं, हें खरेंच. परंतु २ ऑक्टोबर २०२३ रोजीं दुसऱ्या मोटारीच्या धडकेनें पुढ्यांत फेंकल्या गेलेल्या एका स्त्रीला क्रूझ कंपनीच्या चालकविरहित गाडीनें सुमारें २० फूट फरफटत नेलें. गाडीखालीं माणूस आहे, हें यंत्राला उमगलें नाहीं. त्याच महिन्यांत कंपनीचा परवाना स्थगित झाला.

तथापि यंत्राची तुलना केवळ माणसाच्या मोटारीशीं कां करावी? रस्त्यावर बसहि आहे. अर्थशास्त्रज्ञ इयन सॅव्हेज यांनीं २००० ते २००९ या काळांतील अमेरिकेचे आंकडे मांडले आहेत. दर १०० कोटी प्रवासी-मैलांमागें मोटारींतील मृत्यु ७·२८, शहरी रेल्वेंतील ०·२४ आणि बसमधील अवघे ०·११! ७·२८ मधून ८५ टक्के वजा केले तरी सुमारें १·०९ उरतात. म्हणजे बसच्या दसपट. एक आंकडा मृत्यूंचा आणि दुसरा इजांचा असल्यामुळें हा हिशेब ढोबळ आहे. परंतु दिशा स्पष्ट आहे.

अर्थात् थांब्यापर्यंतची पायपीट आणि रात्रीं एकटीनें बसची वाट पाहण्याचें भय या आंकड्यांत येत नाहीं. मध्यरात्रीं रुग्णालयांतील पाळी संपवून परतणाऱ्या परिचारिकेला अशी टॅक्सी उपकारकच होय.

माणसाच्या मोटारीची जागा यंत्राच्या मोटारीनें घेतली, तर शहर अधिक निर्धास्त होईल. पण तिनें बसचेच उतारू पळविले आणि रिकामी धांवते म्हणून बस बंद पडली, तर सुरक्षिततेच्या नांवाखालीं शहराचें पाऊल मागेंच पडेल. म्हणून या टॅक्सीला प्रथम एवढेंच विचारावें : तूं आपले प्रवासी कोणत्या वाहनांतून आणलेस?