फियाटचं खाणंपिणं

अब्बांनी १९८४ साली घेतलेली पद्मिनी अजून माझ्या दारात उभी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसीची. नाव पद्मिनी, पण लोक तिला फियाटच म्हणतात; मीही म्हणतो. अब्बा गेले आणि तिला काय पाजायचं हा प्रश्न माझ्याकडे आला.

पहिली चूक माझीच. नव्या गाड्यांत घालतात ते महागडं, पातळ सिंथेटिक ऑइल मी हौसेनं भरलं. सिग्नलला थांबलो की डॅशबोर्डवरचा ऑइलचा तांबडा दिवा लुकलुकायचा. तशीच दहा दिवस चालवली. आमच्या मिस्त्रीचाचांनी पट्टी काढली, ऑइल बोटांत चोळलं आणि म्हणाले, "शायरसाब, बुढिया को शरबत पिला रहे हो?" झिजलेल्या बेअरिंगच्या फटी रुंदावतात, पातळ ऑइल तिथून निसटतं आणि दाब उतरतो. आणखी महिनाभर तसंच चाललं असतं तर क्रँकशाफ्टलाच मुकलो असतो. आता २०डब्ल्यू-५० घालतो. जुन्या इंजिनांसाठी केलेलं, जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं मिळालं तर उत्तम. आमच्या इंजिनात कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासतात, त्यांना हे जस्त जपतं. धूर स्वच्छ करणारं यंत्र खराब होऊ नये म्हणून नव्या ऑइलांत ते कमी ठेवतात.

पेट्रोलचं दुखणं निराळं. पंपावरचा मुलगा मोठ्या प्रेमानं शंभर ऑक्टेनचं सुचवतो. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंजिन ठोकू नये म्हणून ते लागतं. फियाटचं कॉम्प्रेशन मुळात कमी, तिला साधं पेट्रोल पुरतं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर पेट्रोलमधलं शिसं गेलं, तेव्हा अब्बा धास्तावले होते. शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठका टिकायच्या. इंजिन उघडलं त्या वेळी त्यांनी कठीण धातूच्या बैठका बसवून घेतल्या.

माझी धास्ती इथेनॉलची, वीस टक्क्यांची. ते जुनं रबर खातं, हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी साचून गंज चढतो. शिवाय इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं. नवी गाडी ते स्वतः सावरते. कार्ब्युरेटरला ती अक्कल नाही, जेट आपणच बदलायचा. म्हणून पेट्रोल थोडं भरतो आणि दर रविवारी वीसेक मिनिटं फिरवून आणतो.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी उरल्या नाहीत, तसे सुटे भागही चाचांकडे येईनासे झाले. तरी परवा त्यांनी कुठून तरी पेट्रोलपंपाचा डायफ्रॅम पैदा केला. जुना काढून माझ्या तळहातावर ठेवला; भिजलेल्या पापडासारखा झाला होता.